खंडेनवमीची भट्टी

खंडेनवमी आली की आजही माझं डोकं तापतं. पूजेवर राग नाही. घरी विळीपासून स्कूटरपर्यंत सगळ्यांना मी स्वतः हळदकुंकू वाहते. राग आहे तो आमच्या विभागप्रमुखांवर.

नगरच्या एका कॉलेजात मी पीएचडी करत होते. कारखान्यातल्या तापलेल्या यंत्रांचे हादरे मोजायला सिरॅमिकच्या चकत्या बसवतात. दाब पडला की त्या वीज देतात. तसल्या चकत्या मी पूड साच्यात दाबून, भट्टीत भाजून बनवत होते. पहिला घाणा झकास उतरला. तोच निकाल पुन्हा आला तरच प्रबंध पुढे जाणार होता, आणि पूड उरली होती जेमतेम एका घाण्यापुरती.

संध्याकाळी चकत्या भट्टीत लावल्या, 'उघडू नये' अशी चिठ्ठी चिकटवली आणि केडगावला घरी गेले. रात्रभर भाजून दुसऱ्या दिवशी त्या सावकाश निवायच्या होत्या. सकाळी येऊन बघते तर भट्टीचं दार सताड उघडं, बाजूच्या बटणांच्या पेटीवर झेंडूचा हार!

"ताई, मी नको म्हन्लं हुतं," शिपाईमामा म्हणाले. "सर पहाटंच आले, म्हनले, मुहूर्त टळंल, बंद कर, दार उघड, लवकर निवू दे."

सर पेढा चघळत आले. "अगं, तापल्या ना एकदा? मग झालं! चालू भट्टीची कुठं पूजा करतात का?"

अस्सा संताप आला! भाकरी जरा कच्ची राहिली तर ताट सरकवणारा हा माणूस, आणि मला म्हणतो झालं!

या चकत्यांना गरम तेलात ठेवून मोठा व्होल्टेज द्यावा लागतो, तेव्हा कुठं त्या कामाच्या होतात. पहिल्या घाण्यानं तो मुकाट सोसला होता. यातली पहिलीच चट्ट करून फुटली. दुसरीही. अर्धवट भाजल्यानं आत पोकळ्या राहिल्या, एकदम निवल्यानं चिरा पडल्या, आणि वीज तिथूनच फुटत होती. मी रागानं रडले.

"मागचेच आकडे थोडे इकडेतिकडे करून लाव," सर म्हणाले. "कोण बघतंय?"

"मी नाही लावणार."

"मग बस वर्षभर."

बसले. नवी पूड केली, नवा घाणा लावला, भट्टीच्या खोलीला माझं कुलूप घातलं. फुटलेल्या चकत्यांवरही एक प्रकरण लिहिलं: पूड तीच, दाब तोच, फक्त भाजणं आणि निवणं बदललं तर विजेचा गुण कसा पार नासतो.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांना नेमकं तेच आवडलं. "भट्टी मध्येच थांबवून बघायची कल्पना छान आहे."

सर खुर्चीत सावरून बसले. "मुद्दामच केलं ते आम्ही. मीच सुचवलं होतं तिला."

आम्ही! शेवटच्या कागदावर त्यांची सही अजून व्हायची होती. गप्प बसले तर डॉक्टर होऊन घरी जाणार होते. पण जीभ ऐकेना.

"मुद्दाम नव्हतं, सर," मी म्हणाले. "त्या दिवशी खंडेनवमी होती. तुम्हाला हार घालायचा होता."