चहावरची फुंकर

मेंदूच्या दवाखान्याबाहेर, आमच्या समोरच्या बाकावर बसलेली, लांब वेणी घातलेली एक लहान मुलगी गरम चहावर फुंकर मारत होती.

"मार जोरात, आता कशाला भितेस!" तिची आई हसत म्हणाली.

त्या मुलीला झालेल्या दुर्मीळ आजारात मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होत जातात. मुलाने जोरात फुंकलं किंवा ते रडलं, की हात लुळा पडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू लागतो. तिच्या आईने, तिनेच मला सांगितलं, पहिल्याच वेळी मुलीला उचलून इथे आणलं, म्हणून ऑपरेशन वेळेत झालं. माझ्या शेजारी बसलेल्या बहिणीचा, सुमीचा, हातही रडताना असाच पडायचा. घरात सगळे म्हणायचे, "नाटकी आहे, लक्ष देऊ नका." आता तिचा उजवा हात कायमचा गेलाय. उद्याचं ऑपरेशन डावा वाचवण्यासाठी आहे.

वेळेवर उपचार हा प्रत्येकाचा हक्क आहे, अशी पत्रकं मी दारोदार वाटतो. पण ती फुंकर बघताना वाटलं, हिलाच का मिळावा तो हक्क?

"होईल हो बरी. आमची झाली ना!" बाई मला म्हणाली. तिचं ते 'आमची' मला सहन होईना.

सुमी मात्र त्या मुलीकडे कौतुकाने बघत होती. "दादा, ऑपरेशननंतर केस वाढले, की माझीही अशी वेणी घालशील? मला एका हाताने नाही जमणार."