एकाच कूलरला डांबर

त्या उन्हाळ्यातला तो तपास आठवला की आजही माझा चहा थंड होतो, इतका मी बोलत सुटतो. तेव्हा मी भिलाईत ठाणेदार होतो.

एका खाजगी रोलिंग मिलमध्ये पाइप फुटला आणि यंत्रं थंड करून परतणाऱ्या कढत पाण्यानं एक फिटर भाजला. पाइपची आतून गंजून चाळणी झाली होती. असं होऊ नये म्हणून त्या पाण्यात एक सेंद्रिय रसायन सोडतात. लोखंडावर त्याचा पातळ थर बसतो आणि पाणी धातूला खात नाही. मिलमधले लोक त्याला 'जंगची दवा', म्हणजे गंजावरचं औषध, म्हणत. ती सोडणारा ऑपरेटर मरोदा वस्तीतला, त्या फिटरचा शेजारी आणि जुना दोस्त. यानं दवा टाकलीच नाही, बाहेर विकली, अशी मालकाची तक्रार होती. गुन्हा नोंदवून मी त्याला ताब्यात घेतलं.

"मी त रोज टाकत होतो साहेब, माया हातानं," तो म्हणाला. "माया दोस्ताले मी कावून जाळीन?"

खोटं रडणारा मधूनमधून आपल्याकडे बघून घेतो. हा मान खाली घालून बोलत होता. मला पटलं, पण ठाणेदाराला पटून कोर्टात भागत नाही.

पंचनामा करून मिलमधल्या ड्रमचा नमुना प्रयोगशाळेला पाठवला. अहवाल यायला वेळ होता, आणि मला कुठला धीर! त्याच ड्रममधलं थोडं ग्लासात घेऊन त्यात लोखंडी खिळे टाकले नि ग्लास टेबलावर ठेवला. सारं ठाणं येता-जाता डोकावायचं. बघता बघता खिळे गंजून लालभडक झाले! ड्रममध्ये दवा नव्हतीच, नुसतं रंगवलेलं पाणी होतं. ऑपरेटर बिचारा तेच इमानानं टाकत होता. मग खरी दवा कोणी पळवली? स्टोअरच्या किल्ल्या दोघांकडे, त्याच्याकडे आणि सुपरवायझरकडे. सुपरवायझर तर असा सज्जन की कोठडीतल्या ऑपरेटरसाठी घरचा डबा पाठवायचा.

आमच्याकडे होळी झाली की कूलरच्या लोखंडी टाकीला आतून डांबर लावतात. ठाण्याच्या कूलरची घास, म्हणजे जाळीतलं गवत, बदलायला येणारा कूलरवाला त्या दिवशी कुरकुरत होता.

"बोरसी वस्तीतल्या एका गल्लीत माया धंदाच बसला साहेब. यंदा कोनी डांबर लावूनच नाही राह्यलं. म्हन्तेत, पान्यात दवा टाकली का जंग लागत नाही."

मी खुर्चीतून उडालोच! तडक बोरसी गाठली. पण स्वस्तात मिळालेल्या वस्तूचा पत्ता कोण सांगतो? एका घरातून बाटली तेवढी हाती लागली. तिच्यातली दवा पाण्यात मिसळून खिळा टाकला, तो लखलखीत राहिला. विकणाऱ्याचं नाव मात्र कोणी घेईना. शेवटी मी कूलरवाल्याला उलटंच विचारलं, "मग डांबर लावलं कोणी?"

"एकाच घरी. त्या मिलच्या सुपरवायझरच्या. दोन हात मारून घेतले त्यानं."

स्टोअरची किल्ली याच्याकडे, गल्लीभर दवा विकणारा हाच, आणि स्वतःच्या कूलरला मात्र डांबर! मला नाचावंसं वाटलं.

सुपरवायझरला बोलावलं. बाटली पाहून म्हणाला, "फिनाइल असेल." मी हवालदाराला ती कूलरमध्ये ओतायला लावली आणि कूलर त्याच्या तोंडावर सुरू केला. तो धडपडत उठून बटणाकडे धावला.

"बंद करा साहेब! नाकातोंडात जाते ते!"

"आणि त्या गल्लीतली लेकरं याच हवेत झोपतात, त्याचं काय?"

तो मटकन बसला आणि भडाभडा सगळं बोलला. जप्तीची बाटली केव्हाच सीलबंद झाली होती; त्याला दाखवली ती तसलीच दुसरी, आणि कूलरमध्ये ओतलं ते नळाचं पाणी होतं. बोरसीतल्या त्या सगळ्या टाक्या आम्ही लगेच रिकाम्या करवल्या. पुढे प्रयोगशाळेच्या अहवालानंही ड्रममध्ये नुसतं रंगवलेलं पाणीच असल्याचं सांगितलं. तेव्हापासून कोणी काही विकायला आलं की मी भाव नंतर विचारतो. आधी विचारतो, तुमच्या घरी हेच वापरता का?

ऑपरेटर सुटला, पण त्याचा चेहरा काही खुलेना. "घरी मंग जाईन साहेब. पह्यले दवाखान्यात चला."

जीपमधून मीच घेऊन गेलो. दोस्ताला बघताच फिटरनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी पलंगाशी बसून त्याला सगळी हकीकत सांगितली, ग्लासातल्या खिळ्यांसकट. मग तो पट्ट्या बांधलेला हात सावरत कण्हत थोडा सरकला, पलंगावर जागा केली आणि दोस्ताला म्हणाला, "बस ना बे. उभा कावून राह्यला?"

कागदोपत्री ऑपरेटर सकाळीच सुटला होता. खरा सुटला तो तेव्हा.