नामदेवरावांची निधनवार्ता

"ताई, कार्ड तयार हाय. टाकून देऊ?" भाऊंनी पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा नाही म्हटलं.

भाऊ म्हणजे आमच्या न्यूज पोर्टलचे मालक. ऑफिस मेहकरला, त्यांच्याच फ्लेक्सच्या दुकानाच्या माडीवर. मी तिथली डेस्क इन्चार्ज. म्हणजे गावोगावचे वार्ताहर मोबाइलवर जे पाठवतात ते वाचायचं, खरं-खोटं बघायचं आणि मगच वेबसाइटवर अन् व्हॉट्सॲप ग्रुपांवर सोडायचं. अर्धं आयुष्य छापील पेपरात काढलं असल्यामुळे मला घाई कमी आणि राग जास्त, असं भाऊंचं मत आहे. ते चुकीचं नाही.

कार्ड होतं श्रद्धांजलीचं. डोणगावचे नामदेवराव. मिरची-टमाट्याच्या रोपांची नर्सरी चालवतात, त्यामुळे अर्धा तालुका ओळखतो. फोटो कुठल्याशा लग्नातला, फेटा बांधलेला. मजकूर नातेवाइकांच्या ग्रुपवरून फिरत फिरत आमच्यापर्यंत आलेला. सुरुवातीला नुसतं 'दुःखद निधन' होतं. आमच्याकडे येईस्तोवर कुणीतरी वाटेत 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने' जोडून दिलं होतं.

निधनाची बातमी घरच्या माणसाशी बोलल्याशिवाय सोडायची नाही, हा माझा नियम. आमच्या धंद्यात याला कन्फर्मेशन म्हणतात. त्यात मी एकच प्रश्न विचारते, अंत्यविधी किती वाजता? घरात कुणाला काही सुचत नसलं तरी ही वेळ माहीत असते, कारण येणाऱ्या प्रत्येकाला तीच सांगायची असते. या कार्डावर वेळ नव्हती आणि नामदेवरावांचा फोन बंद होता.

तेवढ्यात दुसऱ्या एका पोर्टलनं बातमी टाकली. खाली हात जोडलेल्या खुणांचा पाऊस. भाऊ तापले.

"पाहा, त्याईनं टाकलं. आपण काय तेरवीले टाकू?"

"भाऊ, मेलेला माणूस कुठं पळून चालला का? थोडं थांबा."

फिरत आलेल्या मजकुराच्या तळाशी 'शोकाकुल' म्हणून एक नंबर होता. तो लावला. नामदेवरावांचे मेहुणे निघाले, धाड गावात राहणारे. बिचारे हुंदके देत बोलत होते. सकाळी बहिणीचा फोन आला, दाजी गेले म्हणाली. सुनेनं ते रडताना पाहिलं आणि फोटो शोधून घरच्या ग्रुपवर टाकला. भाची संगीता, म्हणजे नामदेवरावांची मुलगी, पुण्याला असते. तिनं ग्रुपवर वाचलं, वडिलांना फोन लावला, तो बंद. तशीच नवरा आणि लेकरं घेऊन गाडीनं निघाली. सांत्वनाचे फोन सहन होईनात म्हणून तिनं आपलाही बंद करून टाकला.

मी अंत्यविधीची वेळ विचारली. ते म्हणाले, "ते नाही सांगतलं बहिणीनं. म्हणे, दिवस मावळल्यावर फोन करीन, तवर येऊ नको."

इथं मी खुर्चीतून उठले. सख्ख्या भावाला मयतीला येऊ नको, असं कोणती बहीण सांगते? भाऊंना म्हटलं, गाडी काढा. भाऊ कुरकुरले, पण त्यांनाही आता खाज सुटली होती.

नामदेवराव गावात राहत नाहीत, मळ्यात राहतात. डोणगावच्या अलीकडं कच्चा रस्ता आत जातो. फाटकापाशी ना गर्दी, ना गाड्या. नर्सरीच्या जाळीखाली एक गृहस्थ उकिडवे बसून ट्रेमधली मेलेली रोपं उपटून टाकत होते. भाऊंनी माझा दंड धरला. कार्डावरचाच चेहरा होता, फक्त फेटा नव्हता.

मी सरळ विचारलं, "नामदेवराव, तुम्ही गेल्याची बातमी आहे."

"हो, सकाळीच गेलो," ते शांतपणे म्हणाले. "पण तुम्हाले कोणं सांगतलं? धाडच्या साल्याले तेवढं सांगेल होतं."

तेवढ्यात त्यांच्या पत्नी वत्सलाबाई धावत बाहेर आल्या आणि आम्हाला घरात ओढून दार लावून घेतलं. मग सगळं कळलं. पहाटे नामदेवराव पाणी द्यायला गेले आणि कावळा येऊन त्यांच्या डोक्यावर बसला.

आमच्याकडे हा फार मोठा अपशकुन मानतात. त्यावर उतारा असा, की त्या माणसाच्या मरणाची खोटी खबर एखाद्या जवळच्या नातेवाइकाला द्यायची. त्यानं खरं समजून रडावं. तो रडला की आलेलं संकट टळलं आणि त्या माणसाचं आयुष्य वाढलं. पूर्वी यासाठी पोस्टकार्ड टाकत. चार-दोन माणसं रडायची, मागाहून दुसरं कार्ड जायचं आणि सगळे हसायचे. वत्सलाबाईंच्या माहेरच्या रिवाजात खरं सांगायचं ते दिवस मावळल्यावर. म्हणून त्यांनी घरातला एकुलता एक फोन बंद करून डाळीच्या डब्यात ठेवला होता. त्यांनी सांगितलं फक्त भावाला. पुढं त्या भावाच्या घरात ग्रुप आहे, ग्रुपाला पुढं तालुका आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मला असा संताप आला की विचारू नका. पण बाईंसाठी तो खेळ नव्हता.

"ताई, दिवस मावळू द्या. मंग काय लिहायचं ते लिहा. माह्या कुकवाचा सवाल हाय."

"संगीता पुण्याहून निघाली," मी म्हटलं. "दोन लेकरं गाडीत आहेत. बाप गेला असं समजून येऊन राहिली ती."

वत्सलाबाईंनी माझा हात धरला. "तिले कोणं सांगतलं? तिले काऊन सांगतलं?"

मी कावळ्यावर वाद घातला नाही. तिथं मी हरले असते. मी त्यांच्याच रिवाजावर बोट ठेवलं. म्हटलं, एकानं रडावं एवढंच लागतं ना? इथं सारा तालुका रडला. आता अजून किती जणांना रडवता? त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डब्यातून फोन काढला आणि डाळ झटकून माझ्या हातात दिला.

संगीताचा फोन बंदच. जावई गाडी चालवत असावेत, उचलत नव्हते. भाऊ म्हणाले, लाइव्ह करू. म्हणजे जे चाललंय ते त्याच क्षणी आमच्या पेजवर दाखवायचं. नामदेवराव कॅमेऱ्यापुढे उभे राहिले आणि राम राम करून म्हणाले की मी ठणठणीत आहे. मला वाटलं, मिटलं. कमेंट वाचल्या आणि कपाळावर हात मारला. जुना व्हिडिओ आहे. हल्ली कॉम्प्युटरवर असा माणूस बोलता करतात. ताई, मयताच्या नावावर व्ह्यूज कमावता, लाज वाटते का? फेट्यातल्या एका फोटोवर डोळे मिटून विश्वास ठेवणारी माणसं बोलत्या माणसाला पुरावा मागत होती.

म्हटलं, चला. इंटरनेट राहू द्या बाजूला. दोघांना भाऊंच्या गाडीत घातलं आणि मेहकरला आणलं. पुण्याहून येणारी गाडी तिथूनच डोणगावकडे वळते. वळणावर रसवंतीपुढे आम्ही नामदेवरावांना उभं केलं. ओळखीची माणसं मोटारसायकली थांबवून त्यांना हात लावून बघत होती. वत्सलाबाई रस्त्याकडे बघत बसल्या होत्या.

जावयांची गाडी आली. नामदेवरावांनी हात वर केला. गाडी पुढं जाऊन करकचून थांबली आणि संगीता अनवाणीच पळत आली. तिनं वडिलांचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं आणि त्यांच्या सदऱ्यात डोकं खुपसून अशी रडली, की रसवाल्यानं यंत्र बंद केलं. मलाही रडू आलं. का येऊ नये?

वत्सलाबाई पुढं झाल्या. "म्या केलं, संगे. ह्याईच्या डोक्यावर कावळा बसला होता."

संगीता फणकारली, "मले सांगतलं असतं तं! मी रडून देल्लं असतं, हवं तेवढं!"

"खोटं रडलेलं चालत नाही, माय," वत्सलाबाई म्हणाल्या आणि स्वतःच रडू लागल्या.

माय-लेकी एकमेकींच्या गळ्यात पडून किती वेळ रडत होत्या. शेवटी नामदेवराव म्हणाले, "चला आता घरी. सकाळपासून मेलेलो हाओ तं कोणं जेवाले वाढलं नाही."

त्या दुसऱ्या पोर्टलनं बातमी गुपचूप काढून टाकली. चुकीची होती असं कुठं लिहिलं नाही. आम्ही नामदेवराव रसवंतीपुढे उभे असल्याचा फोटो टाकला, त्याला त्यांच्या मरणाइतके व्ह्यूज मिळाले नाहीत. ग्रुपांवर ते श्रद्धांजलीचं कार्ड अजूनही अधूनमधून उगवतं आणि कुणीतरी हात जोडून जातं. नामदेवरावांना त्याचं काही वाटत नाही. त्यांचं आयुष्य वाढतंय, असं वत्सलाबाई म्हणतात.

भाऊ मात्र सुधारले. परवा एका वार्ताहरानं श्रद्धांजलीचं कार्ड पाठवलं आणि लगेच टाका म्हणून फोनवर मागं लागला. मी फोन घ्यायला हात पुढं केला, तर भाऊंनी तो आपल्याच कानाला लावून ठेवला.

"ते सारं ठीक हाय," ते म्हणाले. "अंत्यविधी किती वाजता ते सांग आधी."