साहेबाच्या मापाचं टेबल

वृषाली भिंगारदिवेचं टेबल बघायला सगळी गल्ली लोटली होती. टेबलाचं कौतुक सगळ्यांनी केलं, पण तिथं बसणारीला कसं वाटतंय ते कुणी विचारलं नाही.

गोष्ट सत्त्याण्णव सालची. वृषाली नगरातल्या एका छापखान्यात कॉम्प्युटरवर मराठी मजकूर टाईप करायची. लग्नपत्रिका, शाळांचे अंक, हौशी कवींचे संग्रह. बोटं अशी पळायची की मालक नितीनशेठ गिऱ्हाइकाला मुद्दाम तिच्या मागं नेऊन उभं करायचे. पुढं छापखान्याची अर्धी जागा विकली गेली, तेव्हा नितीनशेठ म्हणाले, "मशीन तुझ्या घरी ठेव. मजकूर मी पाठवत जाईन. तुझी रोजची ये-जा तरी वाचेल." तिला पटलं. भिंगारहून रिक्षात अंग चोरून जाण्यापेक्षा हे बरंच होतं.

घरी सगळ्यांत जास्त आनंद झाला तो तिच्या वडिलांना, कारभारींना. लष्कराच्या वर्कशॉपातून सुतार म्हणून ते नुकतेच निवृत्त झाले होते. उभा जन्म त्यांनी साहेबांसाठी टेबलं केली, खांद्यावर वाहून ऑफिसांत नेऊन ठेवली, पण एकाही टेबलाशी खुर्ची ओढून ते बसले नाहीत. बसू नका असं कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच पडली नव्हती.

"लोकं आपिसात जात्यात," ते सांगत सुटले. "माझ्या पोरीकडं आपिस चालत येतंय."

वृषाली म्हणाली, "आबा, शिलाई मशीनएवढं उंच असलं तरी पुरे."

"कर्नल साहेबाचं टेबल केलंय मी. माप माझ्या हातात हाय."

हातातलं माप कर्नलचं होतं, पोरीचं घ्यायचं त्यांना सुचलं नाही. जुना साग मिळवून त्यांनी तेच उंच, रुंद टेबल केलं आणि तशीच ताठ पाठीची खुर्ची. कित्येक वर्षं जपून ठेवलेली पितळेची पट्टी टेबलाच्या पुढच्या कडेला ठोकली. भिंतीवरच्या बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली टेबल मांडलं, मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. मग वृषाली खुर्चीवर बसली. ती चणीनं लहान. पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत राहिले, आणि कीबोर्डावर हात ठेवायला तिला खांदे उचलावे लागले. तिनं खाली पायांकडं पाहिलं, मग आबांच्या तोंडाकडं. इतकं उजळलेलं ते तोंड तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"छान झालंय, आबा," ती म्हणाली. या एका वाक्याची किंमत ती पुढं मोजत राहिली.

तिच्या आईच्या, चांगुणाबाईंच्या डोळ्यांतून मात्र काही सुटलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातला पाट आणून लेकीच्या पायांखाली सरकवला. आबांनी झाडताना तो पाहिला आणि उचलून परत नेला.

"साहेबाच्या टेबलाखाली पाट व्हय? कोन बघंल तर काय म्हनंल?"

चांगुणाबाईंनी पुन्हा ठेवला, त्यांनी पुन्हा उचलला. वृषाली काम करत असताना आबा आत आले असते तर सगळं एका नजरेत कळलं असतं. पण साहेब कामात असताना आत जायचं नाही, ही सवय त्यांच्या हाडीमाशी मुरलेली. दाराबाहेर स्टूल टाकून ते बसायचे आणि आल्यागेल्याला अडवायचे. "म्याडम कामात हायेत. मागनं या." आतून बटणांचा आवाज येत राहिला की त्यांचं पोट भरायचं.

आत वृषालीची मनगटं त्या पितळी कडेवर दिवसभर टेकलेली असायची. आधी नुसता लाल वळ उठायचा. दिवाळीच्या सुमारास उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायला लागली. ती हात झटकायची, कोमट पाण्यात धरायची आणि पुन्हा बसायची. तिला आबांचा रागही यायचा, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. एकदा दार ढकलून बघायला या माणसाला काय झालं? आणि दार उघडलं की ते कौतुकानं भरलेलं तोंड दिसायचं, मग तिचा राग तोंडातच विरायचा.

शेवटी सावेडीतल्या डॉक्टरांकडं जावं लागलं. आबा बाहेर बाकावर बसले. डॉक्टरांनी ती कशी बसते ते विचारून घेतलं आणि म्हणाले, "नस दाबली जातेय. काही महिने टाईप करणं बंद, आणि आधी ते टेबल बुटकं करून घ्या. ऐकलं नाहीत तर हाताची पकड जाईल."

"काय म्हनले?" आबांनी विचारलं.

"अशक्तपणा आहे म्हणाले. गोळ्या दिल्यात."

टेबलाचे पाय कापा, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्या माणसानं जन्मात एकच टेबल आपल्या घरासाठी केलं होतं. हाती घेतलेला शाळेचा अंक झाला की सांगू, असं तिनं ठरवलं. अंक झाला, मग दुसरं काम आलं, मग तिसरं. आवाज थांबला की आबा बाहेरून काळजीनं खाकरायचे, म्हणून ती थांबतही नव्हती.

पुढचं वर्ष असंच गेलं. चुका वाढल्या, छापलेली पानं रद्द करावी लागली. उन्हाळ्यात नितीनशेठ टेम्पो घेऊन आले. माणूस वाईट नव्हता. मशीन उचलताना त्यांची मान खाली होती. "हात बरा झाला की बघू," ते म्हणाले. हात बरा होणार नाही, हे त्यांना दिसत होतं.

टेबल रिकामं झालं, तरी आबांना ते चकचकीत हवं होतं. एका सकाळी चिंच घेऊन ते पट्टी घासायला बसले आणि मधेच थांबले. पट्टी सगळीकडं काळवंडली होती, फक्त दोन जागा झिजून लखलखीत होत्या. ते बराच वेळ त्या जागांवरून बोट फिरवत राहिले.

"वृषाली, हितं बस जरा."

ती बसली. टेबलाचा पाय डुगडुगतोय का ते बघायला वाकावं तसे ते वाकले आणि त्यांना तिचे पाय दिसले.

"टेकत न्हाईत?"

"नाही."

"कवापासनं?"

"पहिल्या दिवसापासून, आबा."

"म्हनून तर पाट सारत हुते मी," चांगुणाबाई दारातून म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता.

 आबा उठून टेप घेऊन आले आणि त्यांनी पोरीचं माप घेतलं. टाचेपासून गुडघ्यापर्यंत, बैठकीपासून कोपरापर्यंत.  दुपारभर त्यांनी करवत चालवली. खुर्चीचे पाय कापले, टेबलाचे कापले, पितळेची पट्टी उचकटून टाकली आणि कड रंध्यानं गोल करून घेतली.

संध्याकाळी वृषाली पुन्हा बसली. पाय जमिनीवर टेकले. खांदे आपोआप खाली आले. आता टेबल खरंच तिचं झालं होतं, आणि त्यावर काहीही नव्हतं.

"आता?"

"आता बरोबर झालंय, आबा."

तिनं डावा हात टेबलावर ठेवला होता. उजवा ओढणीखाली मांडीवर होता.

"उजवा ठिव."

तिनं ठेवला. अंगठ्याच्या बुडाशी मांस खोल गेलं होतं. आबांनी कानावरची पेन्सिल काढून तिच्यापुढं धरली. तिनं ती घेतली आणि पेन्सिल गळून पडली. त्यांनी उचलून पुन्हा दिली. ती पुन्हा पडली. मग त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली, खाली वाकून सागाचे कापलेले तुकडे गोळा केले आणि न्हाणीतल्या चुलीपाशी नेऊन ठेवले.