डोळे मिटलेली बैठक

माझं डोकं ठिकाणावर आणायला पुण्याच्या दिराने मोबाईलवरची समुपदेशक लावून दिली. दुखणं काय, तर मला नगरच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी लागली होती. माझं शिक्षणही त्यातलंच. लग्नाच्या वेळी सासरच्यांनी हेच शिक्षण चारचौघांत मिरवलं होतं; आता ते वापरते म्हटलं तर घराची इज्जत चालली. नवऱ्याने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्याने वीस दिवस अबोला धरला. जेवताना मीठ हवं असलं तरी आईला सांगायचा, आणि मीठ माझ्याच हाताशी. असल्या माणसावर रागवायचं तरी किती? आधी कीव यायची, पुढे पुढे तीही येईना.

लॅबवाल्यांनी सांगितलं होतं, सोमवारी दुपारी दोनच्या आत हजर व्हा, नाहीतर आम्ही दुसरी मुलगी घेतो. घरच्यांनी सेशन ठरवलं ते त्याच सोमवारी सकाळी अकराला. आमच्या फाट्यावर नगरची एसटी साडेअकराला यायची, हे त्या घरात शेळीलासुद्धा ठाऊक होतं.

सेशन नवरा-बायकोचं होतं. पण आमच्याकडे सुनेचं काही बिनसलं की बैठक बसते, आणि बैठकीत नवरा-बायकोचं काय काम? सासऱ्यांनी धुवट टोपी घातली. नेवाशाहून मामेसासरे आले. स्वतःच्या दोन्ही सुना वेगळ्या निघालेल्या, पण दुसऱ्यांचे संसार सांधायची हौस दांडगी. सतरंजी अंथरली, स्टुलावर पाण्याच्या तांब्याला मोबाईल टेकवला आणि सगळे त्याच्यापुढे मांडी घालून बसले. सुनेने बैठकीत बसायचं नसतं, म्हणून मी त्यांच्या पाठीमागे स्वयंपाकघराच्या दारात उभी.

पडद्यावर बाई आली. कानात हेडफोन, मागे कुंडीतलं झाड. "इथे सगळ्यांच्या भावना सुरक्षित आहेत," ती मधाळ आवाजात म्हणाली. हिला काय कळणार, हिचं झाडसुद्धा प्लास्टिकचं, असं मला वाटलं.

"बाई, तुमी कोन्या गावच्या? लगीन झालंय का?" मामेसासऱ्यांनी सुरुवात केली.

तिने ते न ऐकल्यासारखं केलं. "मागे उभ्या आहेत, त्यांच्याशी बोलायचंय मला. ताई, तुम्हाला काय हवंय?"

मी तोंड उघडायच्या आत मामेसासरे म्हणाले, "तिला काय इचारता? आमी हाय ना. खायाला हाय, ल्यायाला हाय."

"निस्तं नौकरीचं खूळ हाय," सासूबाई म्हणाल्या.

बाईने तीनदा मला विचारलं आणि तीनदा मामेसासऱ्यांनी उत्तर दिलं. नवरा सतरंजीचा धागा उसवत बसला होता. भिंतीवर सव्वाअकरा झाले. शेवटी मी ओरडलेच, "मला आज दोनच्या आत नगरला कामावर हजर व्हायचंय! साडेअकराची गाडी आहे!"

"गाडी उद्याबी येती," सासरे मागे न बघता म्हणाले.

बाईने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाली, "सगळेच फार ताणात आहेत. आपण डोळे मिटून फक्त श्वासाकडे लक्ष देऊ या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी गाडी चालली आणि या बयेला श्वास सुचतायत! पण डॉक्टरीणबाई सांगतेय म्हटल्यावर घरच्यांनी मुकाट डोळे मिटले. सासऱ्यांची टोपी वर-खाली होऊ लागली. मामेसासऱ्यांच्या नाकातून कुकरसारखा आवाज येत होता. अष्टौप्रहर माझ्यावर नजर ठेवणारी माणसं अशी ओळीने डोळे मिटून बसलेली मी प्रथमच पाहत होते.

त्यांच्या डोक्यांवरून मी पडद्याकडे पाहिलं. बाईचे डोळे उघडे होते आणि ती माझ्याकडेच बघत होती.

मी दाराआडची फाईल आणि पर्स उचलली, चपला हातात घेतल्या आणि सतरंजीच्या कडेकडेने निघाले.

"छान," पडद्यावरून आवाज आला. "कुणीही डोळे उघडू नका. अजून दहा श्वास. अगदी सावकाश."

मनातल्या मनात तिला घातलेल्या शिव्यांची मला लाज वाटली.

उंबऱ्यावर मी मागे वळून पाहिलं. नवऱ्याने एक डोळा किलकिला केला होता. त्याने मला पाहिलं, हातातली फाईल पाहिली आणि डोळा पुन्हा घट्ट मिटून घेतला. लग्न झाल्यापासून त्याने माझ्यासाठी केलेलं ते पहिलं काम.