डिक्कीतली खुर्ची
पंपावर गॅसची नळी काढताना येणारा तो उग्र वास नाकात गेला, की टेमघरचं गॅरेज आठवतं. दापोड्याच्या गोदामात रोज गाडीने ये-जा करायला पेट्रोल परवडेना, म्हणून एलपीजीची टाकी बसवायला गेलो होतो. रणरणती दुपार, शेजारच्या पॉवरलूमची खडखड आणि मागच्या सीटवर दोन नातींच्या मधे घामाघूम झालेली आई. मिस्त्रीने डिक्कीतून तिची घडीची व्हीलचेअर काढून बाहेर ठेवली. याच खुर्चीवरून आम्ही तिला वज्रेश्वरीच्या पायरीपर्यंत आणि गरम कुंडावर न्यायचो. “टंकी डालेंगे तो ये कुर्सी नहीं आएगी, भाई,” तो म्हणाला. पेट्रोलवर ठेवली तर गाडी दारातच उभी राहणार, गॅसवर चालवली तर आई गाडीतच अडकणार. बायको पुटपुटली, “उद्या येऊ.” तेवढ्यात आईने काच खाली केली. “बसव रं टाकी. देवीला मी गाडीतनं दिसनार न्हाय का?” त्यानंतर वज्रेश्वरीला ती मागे बसूनच हात जोडायची आणि तिच्या गुडघ्यांसाठी मी कुंडाचं पाणी बाटलीत भरून धावत आणायचो. आता मागच्या सीटवरची मधली जागा रिकामी असते. हाताला मात्र ती बाटली अजून जाणवते, गाडीपाशी पोचेपर्यंत कोमट झालेली.