न धुतलेलं पातं

माण तालुक्यातल्या माळांवरून मी वीस-बावीस वर्षं दगडी हत्यारं गोळा केली. हत्यार म्हटलं की लोकांना कुऱ्हाड आठवते. माझी हत्यारं नखाएवढी. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी गारगोटी फोडून काढलेली बारीक, धारदार पाती. सांगलीतल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणून प्रत्येक पातं मी जुन्या टूथब्रशनं घासून धुवायची आणि पंच्यावर वाळत घालायची. मला तसंच शिकवलेलं होतं.

मग एक मुलगी आमच्याकडे संशोधनाला आली, तिशीच्या आतली. दहिवडीजवळच्या एका वाडीतली, वडील मेंढरं राखणारे. माळावरच्या पहिल्याच फेरीत तिनं आठ पाती मातीसकट उचलली, प्रत्येक वेगळ्या पिशवीत घातलं. मी ब्रश पुढे केला तर तिनं हात मागे घेतला.

"नको मॅडम. धारेच्या खाचांत काय चिकटलं असंल तर जाईल ते."

"एवढ्या वर्षांनी काय राहणार आहे चिकटून?" मी हसले.

राहिलं होतं. एका पात्याच्या धारेवर तिनं थेंबभर पाणी सोडलं, ते शोषून काचपट्टीवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे दाणे चमकले, प्रत्येकावर काळी फुली. कंदात किंवा धान्यात पीठ असतं, त्याचे हे कण. आकारावरून हे कंदाचे वाटत होते. त्या पात्यानं कुणीतरी कंद चिरला होता.

आमचे विभागप्रमुख बराच वेळ डोळा लावून बसले. मग सगळ्यांना हाक मारली. माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही हेच धुऊन टाकत होतात की हो!"

सगळे हसले. मीही हसले. पण त्या दिवसापासून तिचं काहीच मला सहन होईना. तिच्या टेबलाभोवती किती जण उभे आहेत ते मी मोजायची. फोनवर ती वडिलांना आपलं काम मोठ्यानं समजावून सांगायची तेव्हा मी खिडकी लावून घ्यायची, जणू आवाज बाहेरून येत होता.

एकदा तिनं विचारलं, "मॅडम, तुमच्या मेढ्याकडं करांद्याचे कंद मिळत्यात न्हवं? त्या दाण्यांशी ताडून बघाय पायजे होते."

"बघते," म्हणाले. त्या रविवारी मेढ्याला भावाकडे गेले. भावजयीनं करांदे उकडले होते, मीठ लावून पोटभर खाल्ले. निघताना तिनं कच्च्या करांद्यांची पिशवी पुढे केली. "न्या की वन्सं." ओझं होतं म्हणून मी ती तिथंच ठेवली, आणि सोमवारी सांगितलं की यंदा मिळाले नाहीत. शेवटी ती स्वतःच एसटीनं जाऊन घेऊन आली.

मग एका दुपारी, ती जेवायला गेली असताना, मी तिच्या काचपट्ट्या पाहिल्या. दोन पट्ट्यांवर कोनदार दाणे होते, मध्ये ठिपका. मका! मका आपल्या देशात आला तोच काही शतकांपूर्वी. या पात्यांवर तो असणं शक्य नव्हतं. टेबलावर रबरी हातमोज्यांचा खोका होता. आतल्या पावडरीत मक्याचंच पीठ असतं. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं मला. मी कुणाला बोलले नाही. पुढच्या आठवड्यात साताऱ्यात परिसंवाद होता, तिथं ती हे मांडणार होती. मी आरशासमोर वाक्य बसवलं: "एक लहानशी शंका आहे..." आवाज मुद्दाम मऊ ठेवून.

साताऱ्याला जाताना एसटीत ती माझ्याच शेजारी बसली. कराड सोडल्यावर म्हणाली, "मॅडम, दोन स्लाईडी काढून टाकल्या मी. मक्याचं दाणं निघालं. मोज्यांची पावडर! मला वाटलं, सगळंच बोंबललं. मग बिनपावडरीचं मोजं घालून आठीच्या आठी पाती पुन्यांदा तपासली. सहावर काय न्हाई. पण दोनावर कंदाचंच दाणं हायत."

"सरांना सांगितलंस?"

"व्हय की. उद्या पहिल्यांदा त्येच दाखवणार हाय, चूक कशी झाली ते."

उंब्रज मागे पडलं. माझं वाक्य तोंडात तसंच राहिलं. मला तिचं कौतुक वाटायला हवं होतं. वाटला तो आणखी हेवा. शोध लागला होता तो तिला, आणि चूक चारचौघांत सांगायचं धाडसही तिचंच. माझ्याकडून ते इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं.

"मला माहीत होतं," मी म्हणाले.

"काय?"

"मक्याचं. मागच्या मंगळवारीच पाहिलं होतं मी."

ती माझ्याकडे वळली. "मग बोलला का न्हाई?"

"उद्या सगळ्यांसमोर विचारणार होते."

तिनं मांडीवरची पिशवी छातीशी घेतली.

दुसऱ्या दिवशी तिनं खरोखरच आधी चूक दाखवली, मग दाणे. टाळ्या थांबत नव्हत्या. मी मागच्या रांगेतून वाजवल्या, उशिरा सुरू केल्या. परतताना ती दोन बाकं पुढे बसली.

आजही ती मॅडम म्हणते, काम नीट करते, पण विचारल्याशिवाय मला काही दाखवत नाही. तिचा लेख छापून आला. आभाराच्या यादीत माझं नाव होतं, सर्वांत शेवटी. मी तो तीनदा वाचला. तिन्ही वेळा चूक शोधत होते. एकही सापडली नाही.